मामा आन् अपडेटची राखण

मंडळी, वरवंडच्या आमच्या झेरॉक्स दुकानातल्या कॉम्प्युटरची विंडोज फार जुनी. तीन दिवस झाले, अपडेट लावून मी घरी जेवायला जायचे आणि परत आले की अपडेट फेल! नेटवाल्याशीही भांडून झालं.

आज चष्मा विसरला म्हणून अर्ध्या वाटेतून परतले, तर माझ्यामागं दुकानात बसणारे सासरे मेन स्विचपाशी!

"मामा, बंद का करताय?"

"समोर कुणी न्हाई, आन् चालूच हाय. मोटार रिकामी पळवली की जळती, सूनबाई."

मी हसतच सुटले. म्हटलं, "असं समजा, उसाला पाणी सोडलंय. शंभर आकडा दिसेस्तोवर राखण करा."

तासाभराने घरी मामांचा फोन, "पोरी, पाणी बांधाला लागलं!"

तुमच्याकडं मेन स्विच कोणाच्या ताब्यात असतो?