दुधातुपाचे गाल

आमच्या सांगलीच्या गल्लीतली ती नाटकातली नटी वांगी घेतानाही शेवटच्या रांगेला ऐकू जाईल अशी बोलायची. "गाल एवढे गुबगुबीत कशानं वो?" विचारलं की म्हणायची, "दुधातुपानं!" मी खुळी नवी सून वाटीवाटीनं तूप खायची, गाल तसेच, पोट तेवढं सुटलं.

पुढं तिच्या गालावर गाठ आली. डॉक्टर म्हणाले, "कॅन्सर दिसतोय, गाल कापावा लागेल." दवाखान्यात सगळी गल्ली जमलेली. तरी ती खणखणीत बोलली, "आवं डॉक्टर, थांबा! हे गाल मुंबैला इंजेक्शनं घिऊन भरल्यात." मग माझ्याकडं वळली, "तू तूप बंद कर गं!"

गाठीचा तुकडा काढून तपासला. कॅन्सर नव्हता, इंजेक्शनचीच गाठ होती. गाल वाचला.

पुढच्या नाटकात ती गाठीसकट रंगमंचावर उभी राहिली, तेव्हा मी शेजारच्या खुर्चीतल्या अनोळखी बाईला कोपरानं ढोसून सांगितलं, "आमच्या गल्लीतली हाय!"