सासूला आणा

बाळाला घरी सोडायच्या दिवशी मालन सिस्टर आईला बाजूला बसवायच्या आणि बाळ सासूच्या मांडीवर द्यायच्या. मिरजेच्या आमच्या नवजात अतिदक्षता विभागात यावरून एखादी तरी बाळंतीण रडायचीच. मी तिथे नवी नर्स. मलाही हा अन्याय वाटायचा. त्यावर त्यांचं रहिमतपूरकडच्या बोलीतलं उत्तर ठरलेलं असे, "पोर हिचं हाय, पर घरात राज्य कुणाचं? जिचं राज्य, तिलाच शिकवायचं."

मग शिकवणी सुरू व्हायची. "आवं मावशी, घरी गेल्यावर धुरी द्याल का?"

"थोडी तर द्यायलाच लागती की."

"मग न्हाई सोडत. बसा हितंच."

धुरी नाही, घुटी नाही, मध नाही, हे सासूच्या तोंडून वदवून घेतल्याशिवाय त्या कुणाला हलू देत नसत. आता त्या निवृत्त झाल्यात. आयांना टीव्हीवर फिल्म दाखवून सोडतात, आणि सासवा बाहेर बाकावर बसून डबा खातात.

सिस्टर नोकरीत होत्या तेव्हाची गोष्ट. माधवनगरच्या दीपालीचं बाळ अपुऱ्या दिवसांचं, काचेच्या पेटीतून नुकतंच बाहेर आलेलं. दीपालीला सगळं तोंडपाठ होतं. सासू मात्र एकदाही आली नाही. घरी पूजा होती, दवाखान्याचा विटाळ नको म्हणे. "सासूला आणा," म्हणून मालन सिस्टर अडून बसल्या. नवऱ्याने वर तक्रार केली. दुसऱ्या बाळांसाठी जागा तर हवीच होती. वरून हुकूम आला आणि बाळाला सोडलं.

आठवड्याच्या आत ते परत आलं, निळं पडलेलं. दुपट्याला ओव्याच्या धुराचा वास येत होता. बाळ वाचलं नाही.

त्या दिवशी सासू पहिल्यांदा आमच्या दारात उभी राहिली, रडत. "आमच्या समद्या पोरांस्नी दिली की धुरी. मला कुणी सांगितलंच न्हाई."

"मी सांगितलं होतं, आई," दीपाली म्हणाली.

"तू कालची पोर. तुझं काय ऐकायचं?"

मी तिला सुनवायला पुढे झाले. मालन सिस्टर मात्र एक शब्दही वाकडा बोलल्या नाहीत. त्यांनी त्या बाईला हाताला धरून खुर्चीवर बसवलं आणि शिकवणी पहिल्यापासून सुरू केली. धुरी न्हाई. घुटी न्हाई. दीपाली समोर दुपटं घेऊन बसली होती. मला ते बघवेना. मी सिस्टरना बाहेर ओढलं, "आता कशाला हे? त्या पोरीचं तरी बघा!"

"धाकटी सून पोटुशी हाय तिची," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा आत गेल्या.