जोडीतलं खोटं नाणं

चष्म्याच्या दुकानात भिंगं घासणाऱ्या एका माणसाला सगळे ‘भिंगोबा’ म्हणत. डोळ्याला भिंग लावलं की त्याला जगाचा विसर पडे. जुन्या नाण्यांचं त्याला भारी वेड, आणि बायकोने कपाटाचा एक खण देऊन ते निमूट मान्य केलं होतं. खणात प्रत्येक नाणं आपापल्या कागदी पाकिटात असे. एका वेळी एकच पाकीट उघडायचं, हा त्याचा नियम. नवशिक्यांना तो हे इतक्यांदा ऐकवायचा की लोक त्याला पाहून रस्ता बदलत.

आणि नेमका तोच चुकला. वडिलांनी जन्मभर खिशात बाळगलेलं चांदीचं नाणं त्याचं सगळ्यात लाडकं. परवा एका प्रदर्शनात त्याला त्याच सालाचं, तितकंच गुळगुळीत झालेलं दुसरं मिळालं. झीज ताडून बघायच्या नादात त्याने दोन्ही एकदम बाहेर काढली, उलटी केली, सुलटी केली, आणि मान वर केली तेव्हा कोणतं कुठलं ते त्यालाच कळेना. बायको म्हणाली, जड लागेल ते बाबांचं. त्याला तर दोन्ही जड लागत होती. सकाळी डावं बाबांचं वाटे, संध्याकाळी उजवं. डोक्याचा पार भुगा झाला तेव्हा त्याने ओळखीच्या नाणेवाल्याचं दुकान गाठलं.

नाणेवाल्याने दोन्ही काट्यावर ठेवली, मग कडा पाहिल्या. एकाच्या कडेला साच्याची बारीक रेघ होती, म्हणजे ते ओतलेलं, खोटं. भिंगोबाचा जीव भांड्यात पडला. बाबा बसमध्ये कंडक्टर, खोटं नाणं त्यांच्या बोटांनाच कळायचं. त्यांच्या नाण्याची परीक्षा कसली घ्यायची, म्हणून त्याने त्याची कड कधी तपासलीही नव्हती. तेव्हा खोटं ते प्रदर्शनातलं, दुसरं काय. नाणेवाल्याचा रिवाज असा, की खोटं नाणं पुन्हा कुणाच्या माथी पडू नये म्हणून त्याचे तुकडे करायचे. करू का, असं त्याने विचारलं. भिंगोबा खुशाल करा म्हणाला. छिन्नीचा एक घाव पुरला.

उरलेलं नाणं घेऊन तो तडक ताईकडे गेला आणि खोटं कसं पकडलं तेवढंच रंगवून सांगितलं. ताईने नाण्याच्या कडेवरून नख फिरवलं.

“हे बाबांचं नाही.”

त्याने वजन सांगितलं, साचा समजावला. ताईने शांतपणे ऐकून घेतलं.

“अरे, बाबांचं खोटंच होतं. गर्दीत कुणीतरी त्यांच्या गळ्यात मारलेलं. तूट त्यांनी पदरून भरली, आणि ते पुढे कुणाला जायला नको म्हणून खिशातच ठेवलं. माझं बोट धरून त्या रेघेवरून फिरवायचे.”

“मला कुणी का नाही सांगितलं?”

“तू एवढा नाण्यांतला जाणकार. म्हटलं, तुला ठाऊकच असेल.”

बाबा जन्मभर जे अडवून बसले होते, ते आज भिंगोबाने कायमचं अडवलं होतं. हे चांगलं झालं की वाईट, त्याला काही केल्या उमगेना.

ताईने नाणं त्याच्या तळहातावर परत ठेवलं.

“हे खरं तुझं तुला असू दे. बाबांचं कुठाय? एकदा हातात दे माझ्या.”