पगडीचं चाक

माझ्या लग्नाची बोलणी झाली, तेव्हा पुण्याहून आलेल्या सासूबाई म्हणाल्या, "मुलीला आई नाही. रुखवताची आम्ही अपेक्षा धरत नाही." त्या मनापासून सूट देत होत्या, पण मला ती झोंबली. रुखवत म्हणजे लग्नात मांडायच्या घरच्या हातच्या वस्तू, पूर्वापार बायकांचं काम. आमच्या उज्जैनच्या माधवनगरातल्या घरात बाई म्हणजे मी एकटी, आणि सुई हातात धरली की माझं डोकं फिरतं. दादा, माझे वडील, पाहुणे गेल्यावर म्हणाले, "रुखवत होईल. मी करीन."

संस्थानी दरबार गेला, नवं राज्य झालं, दादांची कचेरी भोपाळला हलली आणि ते पेन्शन घेऊन उज्जैनलाच राहिले होते. त्यांनी लाकडी भातुकली करायची ठरवली. बोटाएवढं लाटणं, लिंबाएवढी घागर, चिमुकलं जातं. आकार चाकूनं यायचा, गुळगुळीतपणा काही येईना. मग त्यांनी आईच्या शिवणयंत्राचं डोकं उतरवून तिथे लाकडी चाक बसवलं आणि चाकाच्या कडेवर रेगमाल, म्हणजे लाकूड घासायचा खरखरीत कागद, सरसानं चिकटवला. खाली पाय मारायला मी. "अगं, जरा आहिस्ता! एकदम मेलगाडी काय चालवते आहेस?" हे दिवसभर ऐकायचं.

पहिली घागर घागर कमी आणि डबी जास्त झाली. कडक चाकावर गोल वस्तूला सपाट पैलू पडत होते. कागदाखाली मऊ गादी हवी होती. गोणपाट लावलं, त्याचे धागे सुटले. जुन्या बुटाचं कातडं सरस पिऊन कडक झालं. मग माझ्या जुन्या विरलेल्या पातळांतून धड तेवढ्या पट्ट्या फाडून गुंडाळल्या. ते बरं जमलं, पण पट्टीचा जोड आला की चाक धक्का द्यायचं. त्या धक्क्यानं लाटणं उडालं ते थेट लग्नासाठी येऊन राहिलेल्या, गहू निवडणाऱ्या आत्याच्या कपाळावर. "पुरे कर रे ही झंझट!" आत्या ओरडली. "लोक काय म्हणतील? बाप रुखवत करतोय!"

दादा कपाळ बघायला गेले नाहीत. चाकाकडेच बघत म्हणाले, "बिनजोडाचं कापड पाहिजे. लांब आणि पातळ."

असं कापड घरात एकच होतं. त्यांनी दरबारी पगडीची पेटी काढली, तेव्हा मी पाय मारणं थांबवलं. ती पगडी ते स्वतःच्या गुडघ्यावर बांधत. दरबार गेल्यापासून ती त्यांनी माझ्या लग्नात घालायला जपून ठेवली होती, हे मला ठाऊक होतं. मी भांडले, रडले, पेटी ओढून घेतली.

"लग्नात डोक्यावर काय घालणार?"

"टोपी," ते म्हणाले. "तुझ्या लग्नासाठीच ठेवली होती ना? मग तुझ्या लग्नाच्याच कामी येतेय. आण इकडे."

पगडीचे पेच उलगडून त्यांनी ते तांबडं कापड चाकाला गुंडाळलं. पगडी बांधताना धरायचे तोच ताण, घडीवर घडी, कुठे सुरकुती नाही. वर रेगमाल लावला. घागर टेकवली, तशी ती अलगद गोल होत गेली. मी रडतरडत पाय मारत होते, आणि त्या दिवशी त्यांनी मला एकदाही आहिस्ता म्हटलं नाही.

लग्नात भातुकली मांडली. हे आत्यानं केलं असं सांगायचं, असं घरात पढवून ठेवलं होतं. सासूबाईंनी घागर उचलली, गालावरून फिरवली आणि विचारलं, "कुणाच्या हातचं हे?" आत्यानं तोंड उघडलं. पण नवरीनं मान खाली घालून बसायचं असतं, हे मी विसरले.

"दादांच्या," मी म्हणाले. "पगडी उलगडून चाकाला गुंडाळली त्यांनी, त्यावर घासलं."

सासूबाईंनी दादांच्या डोक्यावरच्या काळ्या टोपीकडे पाहिलं. असे वडील मला मिळाले, याबद्दल मी देवाचे रोज उपकार मानते, पण त्या क्षणी मला नुसती धडकी भरली होती. सासूबाईंनी घागर सांभाळून खाली ठेवली, पदर डोक्यावर घेतला आणि मुलाकडच्या विहीणबाई असून त्या सगळ्यांदेखत मुलीच्या बापापुढे वाकल्या.

"अहो, अहो," दादा घाबरून मागे सरकले, "हे उलटं होतंय!"