एक ओळ कमी

पेडण्यात घरी बसून मी लोकांची पुस्तकं संपादित करतो आणि महिन्यातल्या एका रविवारी डिचोलीला कवितेची कार्यशाळा घेतो. तिथे खाणपट्ट्यातल्या पाळी गावचा एक गृहस्थ येतो. चपला बाहेर काढून, खिडकीकडे पाठ करून बसतो. त्याची कविता दर वेळी तीच, 'आमचो वाडो'. फक्त दर महिन्याला तिच्यातली एक ओळ कमी झालेली. आधी झऱ्याची गेली, मग राखणदार देवाच्या घुमटीची, मग फणसाची. मी खूश होतो. "संपादन असं करावं," मी बाकीच्यांना सांगायचो.

एकदा विचारलं, "फणसाची ओळ चांगली होती. का काढलीत?"

"फणस खाणीत गेलो, सर. नसलेली वस्त कवितेत कशाक ठेवू?"

मी कौतुक करणं सोडलं. पुढे त्याच्या घराचीही ओळ गेली. तरी तो पाळीच्याच बसमधून उतरला.

गेल्या महिन्यात कागदावर नुसतं शीर्षक होतं. तो उभा राहिला आणि पूर्वी सगळ्या ओळींना लागायचा तेवढा वेळ आवाजाशिवाय ओठ हलवत राहिला. बाकीचे नेमक्या जागी माना डोलावत होते. मग त्याने कागद माझ्यापुढे सरकवला.

"हें आता तुमीच काढा, सर."

तांबडं पेन माझ्या हातातच होतं.