कल्याणापुरता मोठा

माझ्या मेव्हण्याएवढा मोठा माणूस कल्याणात झाला नाही, आणि कल्याणची वेस ओलांडली की त्याच्याएवढा बारका माणूसही कुणी बघितला नसेल. हे मी नात्यातला म्हणून सांगत नाही. मेव्हण्याचं कौतुक करायची आमच्याकडे रीतच नाही. पण स्वातंत्र्य मिळाल्यानंतरच्या त्या चार-सहा वर्षांत तुम्ही एखाद्या रविवारी संध्याकाळी रेल्वे कॉलनीत आला असतात, तर क्लबासमोरच्या सिमेंटच्या चौकाभोवती पाय ठेवायला जागा मिळाली नसती. बाजारातले हमाल यायचे, गवळी दुधाच्या कासंड्या घेऊन तसेच उभे राहायचे, निर्वासितांच्या कँपातले सिंधी पापड विकायला म्हणून यायचे आणि पापड विकायचे विसरायचे. खेळ बास्केटबॉलचा. नियम कुणाच्या बापाला ठाऊक? खांबाला फळी, फळीला लोखंडी कडं, आणि चेंडू कड्यातून खाली पडला की आरडायचं, एवढं आम्हांला कळत होतं. आणि माझा मेव्हणा तो चेंडू असा टाकायचा की कड्याला चाहूलसुद्धा लागू नये.

आमच्या हिचं माहेर दिवा स्टेशनच्या पलीकडे खाडीवर. मिठागरातली माणसं. आई लवकर गेली, तेव्हा हिनंच ह्या भावाला वाढवलं, आणि लग्न झालं तेव्हा भांड्यांबरोबर तोही माझ्या घरी आला. उंची एवढी की आमच्या खोलीत शिरताना आधी मान यायची, मग बऱ्याच वेळानं बाकीचा माणूस. मीठ ओढायची लाकडी फळी लहानपणापासून ओढून हाताचे पंजे सुपाएवढे झालेले. मी लोको शेडमध्ये फिटर. साहेबाच्या हातापाया पडून त्याला बदली खलाशी म्हणून, कच्च्या नोकरीवर, चिकटवला. एकदा तो कोळशाची पाटी घेऊन चाललेला, तर क्लबातला चेंडू कुंपणावरून बाहेर आला. ह्यानं पाटी खाली ठेवली, चेंडू उचलला आणि कुंपणाच्या बाहेरूनच भिरकावला. तो गेला थेट कड्यात. आत खेळत होते ते अँग्लो-इंडियन गार्ड. त्यांतला एक म्हातारा गार्ड धावत आला, तर हा हात जोडून उभा. "साहेब, चुकलो. परत नाय करनार." गार्ड ओरडला, "अरे बाबा, परत कर! परत कर!" ह्याला वाटलं, साहेब चिडून बोलतोय. मला शेडमधून बोलावून आणावं लागलं.

लाजरेपणा म्हणाल तर नवी नवरी परवडली. नाव विचारलं की नाव सांगायचा नाही. माझ्याकडे बोट करायचा. "मी ह्यांचा मेव्हना." झालं, अख्खं कल्याण त्याला मेव्हणाच म्हणायला लागलं. सत्तरीचे शेठजीसुद्धा ओरडायचे, "टाक मेव्हण्या!" पुढे पुढे तर लोक मला विचारायचे, तुम्ही कोण, आणि मी सांगायचो, मी मेव्हण्याचा दाजी. चेंडू कड्यात गेला, लोकांनी शिट्ट्या मारल्या, की हा कुणाचं तरी मडकं फोडल्यासारखी मान खाली घालायचा आणि खांबामागे लपायचा. खांब केवढा, हा केवढा! दोन्ही बाजूंनी दिसायचा. खेळायच्या आधी तांदळाची भाकरी आणि सुकट, तीही बहिणीच्या हातची. ही एकदा तापानं पडलेली, मी भाकरी थापून दिली. माणूस ती भाकरी खाऊन खेळला आणि हरला. मला काही बोलला नाही, पण नंतर आठ दिवस ही बरी कधी होणार म्हणून दर तासाला तिचं कपाळ चाचपून बघत होता.

आणि पाय. पाय लागला की नमस्कार करायचा, हे आपल्याकडे सगळ्यांनाच शिकवलेलं असतं. पण आपण गर्दीत करतो का? हा करायचा. खेळताना कुणालाही पाय लागला की तिथंच थांबायचा, वाकायचा, त्या माणसाला हात लावून हात आपल्या छातीला लावायचा, आणि मग पुढे. गार्ड लोकांनी आधी डोक्याला हात लावला, मग त्यांनाच सवय झाली. तेही थांबायचे. कल्याणच्या लोकांना तर चेंडूपेक्षा त्याचंच वेड. पाय लागला रे लागला की चारी बाजूंनी गलका, "लागला! लागला! पाया पड!" आणि त्यानं नमस्कार केला की टाळ्या. कुठल्या गावात असा खेळ बघितलाय तुम्ही?

एका रविवारी मुंबईहून रेल्वेच्या संघाच्या निवडीचे एक साहेब आले. टोपीवाले, हातात वही. खेळ संपल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाले, "गडी सोनं आहे. पण तुमच्या कल्याणात सोनं पितळेच्या भावानं जातंय. इथं कोण बघतंय? हमाल आणि गवळी. मुंबईत आणा, चार पेपरवाल्यांच्या डोळ्यांसमोर येऊ दे. संघात घेतला तर नोकरी कायम करायची शिफारस मी करतो." बदली खलाशांची छाटणी होणार म्हणून शेडमध्ये कुजबुज चाललेली. यादी कुठल्याही दिवशी लागणार होती. साहेबांनी आणखी एक सांगितलं. जागा एकच होती, आणि दादरचा एक पोरगा आधीच तिच्यावर डोळा ठेवून होता. "खेळतो बेताचा," साहेब म्हणाले, "पण लोकांना आवडतो."

त्या दिवसापासून माझी झोप गेली. खेळाची मला भीती नव्हती. भीती होती त्याच्या तोंडाची. मी त्याला घरात उभा करून तालीम घ्यायला लागलो.

"नाव काय तुझं?"

"दाजी, तुमाला ठाव नाय?"

"मी पेपरवाला आहे असं समज. नाव काय?"

तो हिच्याकडे बघायला लागला. "बाय, सांग ना गो."

ही चुलीपाशी हसून लोळायची बाकी. मी म्हटलं, "बरं, हस तरी. लोकांकडे बघून हस." तो हसला. दाढ उपटताना माणूस करतो तसं तोंड झालं. ही म्हणाली, "अहो, नका छळू त्याला. चेंडू टाकील की तो." मी खेकसलो, "चेंडू टाकून मुंबईत कोण विचारतंय? तिथं चेंडू टाकणारे पैशाला पासरी मिळतात. तिथं माणूस दिसावा लागतो." निवडीच्या सामन्याच्या दिवशी पहाटे तिनं भाकऱ्या जास्तच बांधून दिल्या.

मुंबईतलं ते मैदान आमच्या चौकासारखं नव्हतं. खुर्च्या होत्या. खुर्च्यांवर बायका बसलेल्या, पेन्सिली घेऊन पेपरवाले बसलेले. दादरचा तो पोरगा दिसायला गोमटा, मोज्यात कंगवा खोचलेला. चेंडू चुकला की तो केस विंचरायचा, आणि लोक त्यालाही टाळ्या द्यायचे. आमचा आपला मान खाली घालून. पण खेळायला लागला आणि खुर्च्यांमधली कुजबुज थांबली. एक, दोन, तीन, जिथून टाकावा तिथून आत. एक पेपरवाला शेजारच्याला विचारायला लागला, "कोण रे हा? कल्याणचा?" मी मनात म्हणत होतो, आता नाव सांगायची वेळ न येवो, एवढं होऊन जाऊ दे.

शेवटची दोन-चार मिनिटं उरलेली. दोन्ही बाजू बरोबरीत. मेव्हणा चेंडू घेऊन निघाला, दादरचा आडवा आला, घसरून पडला, आणि मेव्हण्याचा पाय त्याच्या डोक्याला लागला. जोरात नाही. पण डोक्याला. मी जागेवरून ओरडलो, "पुढे जा! पुढे जा रे!" कुठला जातोय. डोक्याला पाय लागला म्हणून एका हाताचा नमस्कार त्याला पुरेना. त्यानं चेंडू खाली ठेवला. नीट, कडेला, घरंगळणार नाही असा. आणि दोन्ही हात जोडून वाकला. दादरच्यानं पडल्यापडल्या चेंडू ओढला, उठला आणि जाऊन कड्यात टाकला. सगळं मैदान हसलं. एक बाई तर हसून खुर्चीवरून घसरायच्या बेतात. आणि त्या पोराचं डोकं बघा, तो परत आला, लोकांकडे तोंड करून मेव्हण्याला त्यानं लवून नमस्कार केला. टाळ्या थांबेनात. दुसऱ्या दिवशी पेपरात त्याच्या दिलदारपणावर चार ओळी होत्या. आमच्याबद्दल लिहिलेलं, "कल्याणचा एक उंच खेळाडू." निघताना टोपीवाले साहेब माझ्याशी बोलले ते दुसरीकडे बघतच. "खेळ आहे हो. पण लोक तिकीट काढून कुणाला बघायला येतील, तेही बघावं लागतं."

घरात पाऊल टाकेपर्यंत मी धुमसत होतो. मग फुटलो. "नमस्कार करायला मुंबईला गेलेलास? घरात देव नव्हते?"

"दाजी, डोक्याला लागला वो पाय."

"अरे, डोक्याला लागला म्हणून नोकरीला लाथ मारायची? तू मोठा होणार नाहीस. कधीच होणार नाहीस. तुझ्यात ते नाहीच. आयुष्यभर माझ्या घरात वाकून शिरशील तू."

खोटं कशाला सांगू, अगदी असंच बोललो. ही दारात उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलंही नाही. भावाला विचारलं, "त्या पोराला लागलं नाय ना?"

"नाय बाय."

"मग हात-पाय धू."

यादी लागली. मी तेलकट हातानं ती तीनदा वरपासून खालपर्यंत वाचली. मला वाचायला वेळ लागतो, त्यामुळे तीन वेळा वाचेस्तोवर मागचे लोक ओरडायला लागले. त्याचं नाव होतं. काढून टाकलेल्यांत. त्यानं कुणाला दोष दिला नाही. वळकटी बांधली, वाकून दारातून बाहेर पडला आणि खाडीवर मिठागरात गेला. पुढे कितीतरी वर्षं तो दर रविवारी तिथून चालत कॉलनीत खेळायला यायचा आणि कल्याण त्याला बघायला जमायचं. दादरच्याचं नाव मी पुन्हा पेपरात शोधलं नाही. मेव्हणा आमच्याकडे जेवायचा, माझ्या ताटात मासा वाढायचा, आणि मी त्या दिवसाचा विषय काढायला घाबरायचो. ही होती तोवर आमच्या मध्ये ती बसायची, त्यामुळे निभलं.

यंदा ही गेली. बाराव्याला सगळे उठून गेले, आम्ही दोघंच म्हातारे राहिलो. त्याच्याही गुडघ्यांचं आता काही खरं नाही, उठताना भिंत धरतो. मला राहवेना. मी म्हटलं, "तेव्हा मुंबईहून आल्यावर मी तुला बोललो. तसं बोलायला नको होतं."

त्यानं चहाची बशी खाली ठेवली. मग म्हणाला, "बायनं मना त्याच राती सांगितलेला. म्हनली, मनाला लावून घेऊ नको रे, दाजी घाबरला की असाच बोलतंय."

चाळीस वर्षं संसार केला मी तिच्याबरोबर. तिच्यावरही किती वेळा ओरडलो असेन, आणि दर वेळी तिला कळत होतं, मी कशाला घाबरलोय ते. मला एकदाही बोलली नाही. मी मेव्हण्याला म्हटलं, "आज राहा इथं." तो राहिला.