गणपतमामांचा खड्डा आणि माझी सही

प्रकाश सरांच्या टेबलावर एक पिशवी पडली होती. मातीने माखलेली, चुन्याचे पांढरे डाग पडलेली, पण अखंड. आमचा लोगो स्पष्ट दिसत होता. खाली बॅच नंबरसुद्धा.

"ओळखता ही?" सरांनी विचारलं.

"आपलीच आहे, सर."

"तीन महिने खताच्या खड्ड्यात होती. धुतली तर आजही भाजी आणता येईल. या बॅचच्या सर्टिफिकेटवर सही कोणाची आहे?"

"माझी."

सर खुशीत असले की कन्नड बोलतात. त्या दिवशी सगळं इंग्लिशमध्ये चाललं होतं.

म्हैसूरजवळ कडकोळला प्रकाश सरांची फॅक्टरी आहे. आम्ही कंपोस्टेबल पिशव्या बनवतो आणि मी तिथली क्वालिटी इन-चार्ज. आजोबा रंगारी, माझे वडील, अण्णा, कापडावर छापकाम करायचे. घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, तीही थेट एम.एस्सी.पर्यंत. त्यामुळे माझी सही मी हलक्यात घेत नाही.

पंचाईत अशी की तो खड्डा परका नव्हता. म्हैसुरातल्या आमच्याच समाजाच्या कार्यालयामागचा होता. जेवणावळींच्या खरकट्यासाठी समाजाने आमच्या पिशव्या घेतल्या होत्या, त्या अण्णांच्या शब्दावर. "माझ्या मुलीने तपासलेल्या आहेत," असं ते सगळ्यांना सांगत फिरले होते. आता लोक त्यांना विचारत होते, "काय हो, मुलीची पिशवी कुजली का?" अण्णांनी संध्याकाळी कार्यालयात बसायला जाणंच सोडलं. रविवारी कमिटीची मीटिंग होती. उरलेला माल परत करायचा, असं जवळजवळ ठरलं होतं.

इथे जरा थांबून सांगते, कारण लोक तीन वेगळे शब्द एकाच पिशवीत भरतात. डिग्रेडेबल म्हणजे नुसतं तुटणारं. साध्या प्लास्टिकमध्ये एक औषध घालतात, मग उन्हात त्याचा भुगा होतो. पण भुगा झाला तरी ते प्लास्टिकच, फक्त दिसेनासं झालेलं. बायोडिग्रेडेबल म्हणजे जंतू ते खातात. कुठे खातात, किती दिवसांत, हे त्या शब्दात नसतं. लाकडाचा ओंडकाही जंतू खातातच की, पण तो नातवंडांपर्यंत पुरतो. कंपोस्टेबल मात्र कडक शब्द आहे. खताच्या गरम ढिगात, ठरलेल्या मुदतीत ते संपलं पाहिजे, आणि मागे राहिलेल्या खतात रोप धड उगवलं पाहिजे. आमची पिशवी या तिसऱ्या जातीची.

सरांचा संशय दाण्यांवर होता. दाणे म्हणजे ज्यापासून पिशवी बनते तो कच्चा माल. "सप्लायरने साधं पॉलिथिन मिसळलं असणार," ते म्हणाले.

मी पिशवीचा एक तुकडा कापला, धुतला आणि ग्लासभर पाण्यात दाबून सोडला. साधं पॉलिथिन पाण्यापेक्षा हलकं असतं, वर येतं. आमचा माल जड, तो बुडतो. तुकडा तळाला जाऊन बसला. तेवढ्यावर भागत नाही म्हणून लॅबच्या मशीनवरही तपासला. माल चोख होता.

"मग कुजली का नाही?"

"खड्डा बघावा लागेल, सर."

"खड्ड्यात काय बघायचंय? खड्डा तो खड्डा."

खरं तर मलाही तसंच वाटत होतं. तरी गेले.

खड्ड्याची देखरेख गणपतमामांकडे होती. वय ऐंशीच्या पुढे, निळीच्या रंगाईतला शेवटचा माणूस. अण्णा पोरवयात त्यांच्याच हाताखाली काम शिकलेले. मला बघून ते खुर्चीतून उठलेही नाहीत.

"ये गं कॉलेजवाली. तुझी पिशवी माझ्यापेक्षा जास्त जगणार बघ."

"मामा, खड्डा दाखवा ना."

त्यांनी अभिमानाने दाखवला. आतून सिमेंटने गिलावा केलेला, वर घट्ट बसणारं लाकडी झाकण, झाकणावर दगड. दर आठवड्याला चुना टाकायचा. ढवळायचं नाही, कोणाला हात लावू द्यायचा नाही.

"वारा लागू दिला नाही बघ आत," मामा म्हणाले. "एवढी निगा कोण करतो?"

मी झाकण उचललं. आंबूस वास आला. हात घातला तर आत गारच गार. आणि मग मला हसू आवरेना. मामांनी तीन महिने निळीचा हौद सांभाळला होता. निळीला हवा लागली की रंग बिघडतो, म्हणून हौद झाकतात, चुना घालतात, उगाच हलवत नाहीत. खरकटंही त्यांनी त्याच मायेने जपलं होतं.

"हसतेस काय?"

"मामा, निळीचा हौद आंबवणारे जंतू हवेने बिघडतात. खताचे जंतू हवेशिवाय बसून राहतात. चुना तर त्यांना अजिबात सोसत नाही. तुम्ही त्यांना उपाशी कोंडून ठेवलंत."

मामांनी झाकण भिंतीला टेकवून ठेवलं. मग म्हणाले, "हे आधी का नाही सांगितलंस? 'खड्ड्यात टाका, कुजेल,' एवढंच बोलून गेलीस."

बरोबर होतं. बाकीच्या सूचना मी खोक्यात कागदावर दिल्या होत्या. इंग्लिशमध्ये.

रविवारी कमिटीपुढे मी हे सगळं कबूल केलं आणि पुढच्या मोठ्या जेवणावळीपर्यंत, म्हणजे तीन महिन्यांची, मुदत मागितली. खड्डा सोडून जाळीदार विटांचा चौकोन उभा केला. सुका पालापाचोळा, शेण, खरकटं, त्यात आमच्या पिशव्या. आठवड्याला एकदा वरखाली करायचं. मामा म्हणाले, "हे मीच बघणार. बिडी, दुसऱ्या कोणाचं काम नाही." बिडी म्हणजे कन्नडमध्ये 'सोडा तो विषय'.

पाचव्या दिवशी त्यांनी ढिगात लोखंडी सळई खुपसली, थोड्या वेळाने काढली आणि मुठीत धरली. चेहरा उजळला.

"मंजिष्ठेच्या कढईएवढं तापलंय गं."

मी थर्मामीटर घातला. साठ. मंजिष्ठेच्या मुळांचा लाल रंगही साधारण एवढ्याच उष्णतेला चढवतात. मामांना आकडा सांगितला, तर म्हणाले, "मग मी काय वेगळं बोललो?"

जेवणावळीच्या आदल्या दिवशी सगळ्यांसमोर ढीग चाळला. काळंभोर, मातीचा वास येणारं खत. पिशवीचा मागमूस नाही. चाळणीत राहिले दोन चमचे आणि एक सेफ्टी पिन. अण्णांनी मूठभर खत घेतलं, रुमालात बांधलं आणि उगीचच सगळ्यांना दाखवत फिरले. माल परत आला नाही, उलट ऑर्डर वाढली. सर त्या दिवशी फोनवर पूर्ण कन्नड बोलले.

आता आमच्या पिशवीवर सूचना कन्नडमध्ये आणि चित्रांत छापतो. चित्रातला सळईवाला म्हातारा कोण, ते मामांना सांगावं लागलं नाही.

मी अजूनही सर्टिफिकेटवर सही करते ती पिशवीसाठीच. पण नवीन गिऱ्हाईक आलं की आधी त्याचा खड्डा बघून येते.